पगाराचा खिळा

सोमवार, ४ मार्च

‘तुमच्याकडे एकच दिवस असता, तर तुम्ही स्वतः कसं पाहिलं असतं हे शहर?’

आज बोटीवर एका आजींनी विचारलं. भाषण संपलं होतं, मी माइक बंद करत होते. आणि मला उत्तर आलं नाही! याच शहरात जन्मले, वाढले, इथल्याच कॉलेजात इतिहास घेऊन पदवी मिळवली, घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवले – आणि एवढंसं उत्तर येईना. शेवटी म्हटलं, ‘बसने.’ आजी हसल्या. ‘बरं, आता खरं सांगा,’ म्हणाल्या. तेवढ्यात मागची रांग पुढे सरकली. सुटले!

बोट धक्क्याला लागली की आमची टूर कंपनी मला आत पाठवते. मोठ्या हॉलमध्ये माणसं खुर्च्या भरून बसलेली. संध्याकाळी बोट पुढे जाणार, तोवर जुनं शहर कसं बघायचं हे त्यांना ठरवायचं असतं. मी तीन मार्ग सांगते. एक – आमची मोठी बस. तट, घंटाघर, जुनी गोदी, सगळं खिडकीतून. दोन – पायी. आमचा गाइड पिवळी छत्री धरून पुढे, तुम्ही मागे. तीन – तुमचे तुम्ही. आणि तिसऱ्यानंतर कंपनीचं ठरलेलं वाक्य: ‘गेटाबाहेर उभ्या असलेल्या खासगी गाड्यांची आम्ही हमी देऊ शकत नाही. त्या टाळलेल्या बऱ्या.’

हे वाक्य मी फार छान म्हणते. ‘टाळलेल्या’च्या आधी जराशी थांबते. ऑफिसातल्या सरांनीच शिकवलंय – तिथे थांबलं की लोक एकमेकांकडे बघतात. बघतातच.

त्या गाड्यांतली एक बाबांची आहे.

आज आमची बस गेटातून बाहेर पडली तेव्हा बाबा गाडीला टेकून उभे होते. मला पाहून हात वर केला, पार डोक्याच्या वर. मीही केला. पण मांडीवरून चार बोटं उचलली, एवढाच.

मंगळवार, ५ मार्च

आज बोट नाही. बाबांनी माझ्या युनिफॉर्मला स्वतः इस्त्री केली. आई म्हणाली, ‘स्वतःच्या लग्नातल्या शर्टाला केली नव्हती यांनी!’ बाबा म्हणाले, ‘तेव्हा भाषण कुठे द्यायचं होतं? नुसतं हो म्हणायचं होतं.’

मी हसले. मग बाहेर जाऊन उगाच कुंडीतली माती उकरत बसले.

गुरुवार, ७ मार्च

खिळ्याचं लिहायचंच राहिलंय. टाळत होते, दुसरं काय.

गेटासमोर चहावाल्या मावशींची टपरी आहे. तिच्या फळीवर खिळ्यांची रांग. सकाळी ज्याची गाडी आधी, त्याची जादा किल्ली पहिल्या खिळ्याला. मग दुसरा, तिसरा. भाडं आलं की पहिली किल्ली निघते. दुसऱ्याच्या किल्लीला कुणी हात लावत नाही – भांडण गचांडी धरण्यापर्यंत गेलं तरी नाही. फक्त घरच्यांनी लावलेली चालते. लहानपणी सुट्टीत ते काम माझं असायचं. बाबा मला कमरेला धरून उचलायचे, मी किल्ली अडकवायचे आणि ओरडायचे, ‘नंबर लागला!’

रांग संपली की थोडं अंतर सोडून एक वेगळा खिळा आहे. पगाराचा. ज्याच्या घरात महिन्याचा पगार सुरू झाला, त्याने आपण होऊन किल्ली तिथे लावायची आणि ती तिथेच राहू द्यायची. सगळ्यांना भाडी मिळून एखादं उरलं, तर ते त्याचं. सक्ती कुणाची नाही. पण घरात बांधलेला पगार असताना रांगेत घुसणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं, असं हे लोक मानतात.

किती वर्षं तो खिळा रिकामाच होता. माझा पहिला पगार झाला त्या दिवशी बाबांनी सगळ्यांना चहा पाजला आणि किल्ली तिथे लावली. मावशी सांगतात, आधी खिळ्यावरचा गंज शर्टाच्या बाहीने पुसला. ‘जसं काही देवळात घंटा बांधत होता तुझा बाप!’

म्हणजे आता बाबांना भाडं केव्हा? सगळ्यांना मिळून उरेल तेव्हा. आणि उरत नाही. कारण मी ‘टाळलेल्या’च्या आधी थांबते.

शुक्रवार, ८ मार्च

जेवताना बाबांनी विचारलं, ‘भाषणात आमच्याबद्दल काय सांगतेस गं?’

‘बोट सुटायच्या आत परत या, असं सांगते सगळ्यांना.’

‘ते बरोबर. ते सांगायलाच पाहिजे,’ म्हणाले आणि माझ्या ताटात वाढलं.

खोटं बोलले नाही. हे सांगतेच मी. पण खोटं न बोलताही किती खोटं बोलता येतं! हे कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं.

शनिवार, ९ मार्च

आज बस गेटाबाहेर आली आणि मला कळेना, काय वेगळं दिसतंय. मग लक्षात आलं – गाड्या! सगळ्या धुतलेल्या. टायरसुद्धा काळेभोर. पंक्चर काकांच्या गाडीला (त्यांचा टायर आठवड्यातून एकदा बसतोच) नवी सीट-कव्हरं, बायकोच्या जुन्या पडद्याची. सगळे ड्रायव्हर स्वच्छ शर्टात, भांग पाडून, शाळेच्या फोटोला उभे राहिल्यासारखे.

हे माझ्यामुळे. मागे मीच घरी म्हटलं होतं, की बोटीवरच्या लोकांना स्वच्छ गाडी आवडते. बाबांनी ते टपरीवर सांगितलं. वर हेही सांगितलं, ‘पोरगी आहे ना आत! बोलेल आपल्याबद्दल चार शब्द.’

चार शब्द. बोलतेच की मी!

आमच्या तिन्ही बस भरून गेल्या. पिवळ्या छत्रीमागे शाळेएवढी रांग. स्वतःचे स्वतः निघालेले थोडेच, ते गाड्यांच्या पलीकडच्या फुटपाथवरून गेले – अगदी ठरवून, कुत्रं असलेल्या घरासमोरून जावं तसे. मी खिडकीतून बघत होते. पंक्चर काकांनी एका बाईंसाठी दार उघडलं. बाईंनी पर्स छातीशी धरली.

संध्याकाळी बाबा घरी आले तेव्हा गाडीवर सकाळची चमक तशीच. ‘धूळ नाही बसली आज,’ आई म्हणाली. ‘हो ना, रस्ते स्वच्छ ठेवतात हल्ली,’ बाबा म्हणाले.

सोमवार, ११ मार्च

सरांशी बोलले. धीर करून.

सर वाईट नाहीत, हे लिहायलाच हवं. मी म्हटलं, वाक्य थोडं बदलूया. चांगल्या गाड्या निवडूया, त्यांना कंपनीचं स्टिकर देऊया, तेवढ्यांची हमी घेऊया. सरांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, ‘मागच्या हंगामात यांच्यातल्याच एकाने एका जोडप्याला इतकं फिरवलं, इतकं फिरवलं, की बोट निघून गेली. औषधं बोटीवर, कपडे बोटीवर. ती बाई याच खुर्चीत बसून रडत होती. तिला काय सांगू मी – बाकीचे चांगले आहेत म्हणून?’

मला माहीत होतं तो कोण. त्याला सगळे ‘मीटर’ म्हणतात. गाडी उभी असली तरी याचं मीटर पळतं. बाबासुद्धा त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.

‘सुक्याबरोबर ओलंही जळतंय, सर.’

‘म्हणी छान येतात तुला. भाषणात घाल एखादी.’ सर हसले. मग एकदम विचारलं, ‘का गं, तुझं कुणी आहे का गेटावर?’

‘नाही.’

मंगळवार, १२ मार्च

नाही म्हणाले. विचार करून नाही, घाबरून नाही. शिंक यावी तसं आलं – नाही!

शनिवार, १६ मार्च

काल बोट होती. बाबा घरी आले, जेवले. झोपताना एवढंच म्हणाले, ‘बाळ, माइक जरा लांब धरत जा. आवाज फाटतो म्हणे.’

‘कोण म्हणे?’

‘असंच. एक गिऱ्हाईक.’

मला शंका आली नाही. आज बाबा डबा विसरले, तो द्यायला मी टपरीवर गेले. बाबा पेट्रोल भरायला गेले होते. मावशींनी डबा घेतला, पण नेहमीसारखा चहा पुढे केला नाही. मीच म्हटलं, ‘मावशी, चहा?’

‘तू पिशील आमच्याकडचा? हमी नाही हो आमची.’

मग त्यांनीच सगळं सांगितलं.

काल बोटीवरचे एक टोपीवाले आजोबा बाहेर आले. बसचा कंटाळा, पायी गुडघे दुखतात, म्हणून गाड्यांपाशी थांबले. कुठल्या गाडीत बसावं म्हणून एकेका गाडीत वाकून बघत चालले. बाबांच्या गाडीत डॅशबोर्डवर माझा फोटो आहे, पदवी घेतानाचा, काळ्या झग्यातला. आजोबा तिथे थबकले. ‘अहो, ही तर सकाळची मुलगी! तुमची कोण?’

बाबा म्हणे ताठ झाले. ‘मुलगी माझी.’

‘काय सांगता!’ आजोबा खदखदून हसले. ‘तीच तर म्हणाली आम्हाला, या गाड्या टाळा म्हणून! बोलते छान हो. फक्त माइक फार जवळ धरते.’

त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना गंमत वाटली. आणि बसले कुणाच्या गाडीत? मीटरच्या – पहिली किल्ली त्याची होती!

आजोबा गेल्यावर टपरीवर सगळे एकदमच बोलायला लागले. पंक्चर काका म्हणाले, ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! पडदा फाडला मी घरातला!’ कुणीतरी बाबांना म्हणालं, ‘आमच्याच पोटावर पाय द्यायला शिकवलंस का हिला? हिच्या फीच्या वेळी आम्ही आमचे नंबर दिले होते तुला.’

ते खरं आहे. परीक्षेच्या फीच्या आठवड्यात बाबांची किल्ली रोज पहिली असायची. मला तेव्हा वाटायचं, बाबा फार लवकर उठतात.

‘आणि बाबा?’ मी विचारलं.

‘तो काय म्हणणार!’ मावशी कप विसळत होत्या, वर बघितलं नाही. ‘म्हणाला, नोकरी आहे तिची. नोकरीत जे सांगायला लागतं ते सांगायचं असतं. तुम्ही सांगता का रे गिऱ्हाइकाला, गाडीतला एसी बंद आहे म्हणून? हसले सगळे. मिटलं तेवढ्यापुरतं.’

मग चहा दिला. मी प्यायले. पैसे घेतले नाहीत त्यांनी. घेतले असते तर बरं झालं असतं.

रविवार, १७ मार्च

सकाळी आई म्हणाली, ‘अगं, तुझा फोटो कपाटात का आलाय?’

बाबा म्हणाले, ‘उन्हाने रंग उडत होता.’

नंतर बाबांनीच विचारलं, ‘येतेस चक्कर मारायला? गाडी नुसती उभी राहिली की बॅटरी उतरते.’ मी लहानपणी बसायचे तशी पुढे बसले. डॅशबोर्ड उन्हाने फिकट झालाय. फोटो होता तिथे मात्र मूळ रंगाचा गडद चौकोन. सगळा वेळ माझ्यासमोर.

बाबांनी मला शहर दाखवलं. मला! तटाच्या मागच्या गल्लीतून नेलं, जिथे बस वळत नाही. भिंतीत एक झाड उगवलंय, ते अजून आहे. बाबा गिऱ्हाइकांना सांगतात तसं सांगायला लागले, ‘हा बुरूज हजार वर्षांपूर्वीचा.’

‘बाबा! अडीचशे फार तर.’

‘तू अडीचशे म्हण, मी हजार म्हणतो. बुरूज काही बोलतोय का?’

‘पण खोटं आहे ते.’

बोलून गेले आणि जीभ चावली. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. गिअर बदलला. पुढच्या वळणावर म्हणाले, ‘अडीचशे म्हणत जाईन.’

पुढे एका दारात एक बाई वाळवणाच्या चादरी झटकत होती. मी नुसती मान वळवली. बाबांनी गाडी हळू केली. ‘थांबायचंय?’

आणि मला आजींच्या प्रश्नाचं उत्तर आलं. असं! असं पाहिलं असतं मी हे शहर. असंच तर पाहिलंय. दोन भाड्यांच्या मधल्या वेळात, पुढच्या सीटवरून, ज्याला बुरुजाचं वय माहीत नाही पण माझी मान वळली की गाडी हळू करायचं कळतं, अशा माणसाबरोबर. बस थांबते ती थांब्यावर. छत्री थांबते ती वेळापत्रकाप्रमाणे. ‘थांबायचंय?’ असं विचारणारा फक्त गेटाबाहेर उभा असतो, आणि मी लोकांना सांगते, टाळा.

बाबांना सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण ते म्हणाले, ‘उद्या बोट आहे ना? लवकर झोप. डोळे सुजलेले दिसतात तुझे,’ आणि सगळं पुन्हा आत गेलं.

बाबा चिडले असते तर किती सोपं होतं.

सोमवार, १८ मार्च

बोट होती. वाक्य बोलले. ‘टाळलेल्या’च्या आधी थांबले नाही, भरभर म्हटलं. तरी लोकांनी एकमेकांकडे बघितलंच.

बुधवार, २० मार्च

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कळलं यांना. पण बातमी चांगली होती! नोकरी कायम. शिवाय पुढच्या हंगामात दुसऱ्या धक्क्यावरही बोटी लागणार, तिथल्या मुलींना भाषण मी शिकवायचं. ‘तुझ्यासारखं कुणी बोलत नाही,’ सर म्हणाले.

घरी सांगितलं. आईने माझ्या तोंडावरून हात फिरवला. बाबा उठून बाहेर गेले, आणि मी खिडकीतून पाहिलं – गाडीच्या टपावर दोन्ही हात टेकून नुसतेच उभे होते, हसत. एकटेच. मग आत येऊन म्हणाले, ‘बघ! मी म्हणत होतो ना, खिळा बरोबर निवडलाय.’

इतका त्रास मला त्या आजोबांच्या गोष्टीनेही झाला नव्हता.

शुक्रवार, २२ मार्च

पहिली नवी मुलगी आली शिकायला. माझ्याहून लहान. दोन वेण्या, पाठांतर चोख. तिन्ही मार्ग घडाघडा म्हणाली. मग ते वाक्य. मी तिला सांगितलं, ‘टाळलेल्या’च्या आधी जरा थांब. ती थांबली. माझ्यापेक्षाही छान.

पहिल्यांदा मी खाली बसून ऐकत होते. रिकाम्या खोलीतसुद्धा माझी मान आपोआप शेजारच्या खुर्चीकडे वळली.

‘ताई, खरंच एवढ्या वाईट असतात का हो त्या गाड्या?’

‘एक आहे वाईट. बाकीच्या नाहीत.’

‘मग असं का म्हणायचं?’

‘नोकरी आहे,’ म्हटलं. बाबांचंच वाक्य. पण बाबांनी ते मला वाचवायला वापरलं होतं. आणि मी?

मग तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली, आणि मी तिला मध्येच थांबवलं. ‘त्यातली एक माझ्या बाबांची आहे,’ म्हटलं. मोठ्याने. सरांच्या केबिनचं दार उघडं होतं.

सर बाहेर आले. बराच वेळ बोललो. ओरडले नाहीत. बाबांना कंपनीच्या बसवर घेऊ म्हणाले. मी विचारलं, ‘आणि वाक्य?’ म्हणाले, ‘वाक्य राहणार. वाक्य नको तर भाषण नको, बघ विचार कर.’

वाईट नाहीत सर. ती रडणारी बाई त्यांच्या डोळ्यांसमोरून जात नाही. माझ्या डोळ्यांसमोरून पर्स छातीशी धरणारी जात नाही.

शनिवार, २३ मार्च

आईला अजून काही बोलले नाही. आज तिने शेजारच्या काकूंना सांगितलं, ‘कायम झाली.’ काकूंनी मला मिठी मारली. मी उभी राहिले, लाकडासारखी.

सोमवार, २५ मार्च

बोट आहे आज. भाषण ती दोन वेण्यांवाली मुलगी देईल.

बाबा घरी गाडी पुसत असताना मी पुढे निघून टपरीवर आले. पगाराच्या खिळ्यावरची आमची किल्ली काढली. मावशी ओरडल्या, ‘अगं ए! हात नको लावू!’ मी म्हटलं, ‘घरचीच आहे मी.’ रांगेत चार किल्ल्या होत्या. आमची पाचव्या खिळ्याला लावली. आता उचलून धरावं लागत नाही, हात पुरतो.

‘का गं?’ मावशींनी हळूच विचारलं.

‘आमच्या घरात आता पगार येत नाही.’

बाबांची गाडी वळणावर दिसतेय.